बॅप्टिस्टची फुंकणी आणि माझा नियम

गिरीज, वसई
ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार, १९८६

तीर्थरूप सिप्रियनमामांस,

भाचा आलोशियस याचा नमस्कार, आणि जमल्यास तुमचा आशीर्वाद. 'जमल्यास' अशासाठी म्हटलं, की पत्र शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो द्यावासा वाटेल याची मला खात्री नाही. तेव्हा आत्ताच देऊन टाका आणि मग पुढे वाचा. गुडघा कसा आहे? डहाणूच्या त्या वैद्याचं तेल अजून चोळता की सोडलंत? क्लेमेंटीनमामींचं रक्तदाबाचं कसं काय? त्यांना हे पत्र वाचून दाखवणार असाल तर मधला लाऊडस्पीकरचा भाग गाळा. तुमचे चिकू यंदा लागले असतील. इकडे तुमच्या भाचेसुनेची, व्हेरोनिकाची तब्येत ठीक, माझी ठीक, आणि विहिरीच्या अंगाला जो नवा पानमळा लावला आहे त्याच्या वेली कमरेपर्यंत चढल्या आहेत. वेलींना उन्हाळ्यात रोज पाणी लागतं हे तुम्हाला सांगायला नको. दोन दिवस चुकले की पानमळा माणसासारखा रुसतो आणि समजूत घातली तरी परत येत नाही.

बॅप्टिस्टकडची खुशाली मला ठाऊक नाही. मधे फक्त शेराचं कुंपण आहे, त्याच्या घरात कुणी शिंकलं तर 'देव भलं करो' असं आमच्या तोंडावर येतं आणि आम्ही ते गिळतो, कारण आमच्यात बोलणं नाही. सख्खा चुलतभाऊ, पण नाही. ते कोणत्या विहिरीवरून बंद झालं हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण तिची पाळी तुम्हीच लावून दिलीत. माझे वडील आणि त्याचे वडील वेगळे झाले तेव्हा पंच म्हणून तुम्हाला बोलावलं होतं आणि तुम्ही सांगितलंत, सकाळ एका घराची, दुपार दुसऱ्याची, दर रविवारी अदलाबदल. त्या काळी दोघांनाही एकच रहाट आणि रहाटाला एकच रेडा होता. पुढे मी डिझेलचं इंजिन बसवलं. पाळीच्या वेळेत मी एका मिनिटाचीही चोरी केलेली नाही, माझं इंजिन चर्चच्या घंटेबरोबर सुरू होतं आणि घंटेबरोबर बंद होतं. पण बॅप्टिस्टचं म्हणणं असं, की इंजिन विहीर तळापर्यंत ओढून घेतं आणि त्याची पाळी येते तेव्हा रहाटाच्या गाडग्यांतून चिखल वर येतो. मी म्हटलं, मग तूही इंजिन बसव. तर म्हणाला, दोन इंजिनं बसली तर विहिरीत खाडीचं पाणी शिरेल, मग दोघंही मीठ पिकवू. (खाडी पार तिकडे आहे, मामा.) मी सांगितलं, पाळी तासांची आहे, पाण्याची नाही. तेव्हापासून बोलणं बंद. त्याच्या केळी यंदा पिवळ्या पडल्यात हे मला कुंपणावरून दिसतं, पण ते मी बघत नाही. असो. हे पत्र विहिरीबद्दल नाहीच. हे पत्र मोटारींबद्दल आहे.

आमच्या मोटर मंडळाचा मी सचिव आहे हे तुम्हाला मागच्या नाताळात कळवलं होतं. मंडळात गाड्या थोड्या आणि मतं फार. दर वर्षी भाताची शेतं मोकळी झाली, सुकली, की पावसाच्या आत आम्ही खाडीकडच्या शत्रुघ्नच्या शेतात ऑटोक्रॉस भरवतो. नाव ऐकून मामींनी घाबरू नये. यात दोन गाड्या एकमेकींवर धावत नाहीत. शेतातले बांध थोडे सपाट करायचे, खुणा रोवून वळणावळणाचा रस्ता आखायचा, त्यातून एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. खुणांसाठी आम्ही केळीचे कापलेले खुंट रोवतो, कारण वसईत त्याला तोटा नाही आणि गाडी आपटली तरी दिवा फुटत नाही. एक खुंट पाडला की पाच सेकंद दंड. (गेल्या वर्षी शत्रुघ्नच्या म्हशींनी पहाटे येऊन चौथं वळण खाऊन टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पहिल्या तीन गाड्या सरळ बांधावर चढल्या. तेव्हापासून नियमावलीत म्हशींवर एक कलम आहे. तेही मीच लिहिलं.) गट दोन. ज्या इंजिनाचं माप अकराशे सीसीपर्यंत ते लहान गटात, म्हणजे आमच्यासारख्या फियाटी. त्याच्या वरचे मोठ्या गटात, म्हणजे अँबॅसिडर आणि जीप. लहान गटाचा कप माझ्या शोकेसमध्ये दोन वर्षं आहे आणि त्यावर मी आठवड्याला हात फिरवतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तर यंदा लेंटच्या दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांत ख्रिस्ती माणसाने मोह टाळावेत त्या दिवसांत, बॅप्टिस्ट त्याच्या जुन्या फियाटीच्या बॉनेटला करवतीने भोक पाडताना मला दिसला. मी कुंपणाकडे गेलो नव्हतो, फुलं तोडत होतो. दोन दिवसांनी त्या भोकातून गोगलगाईसारखं वळलेलं एक लोखंडी धूड वर आलं, त्याला चकचकीत नळी, आणि सबंध गिरीजमध्ये बातमी, की बॅप्टिस्टच्या गाडीला टर्बो बसला. व्हेरोनिकाने विचारलं, टर्बो म्हणजे काय? मी तिला समजावलं, की चुलीत आपण फुंकणीने वारा घालतो ना, तसं. गाडीचा जो धूर मागून फुकट जातो त्याच्यावर एक चाक फिरतं आणि ते चाक पुढून इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळतं, म्हणून जोर जास्त. डबा तेवढाच, पण आत दाबून भरलेला. ती म्हणाली, म्हणजे फुंकणीच. त्या दिवसापासून सगळी वसई त्याला फुंकणी म्हणते आणि श्रेय मला कुणी देत नाही.

मामा, माझी झोप उडाली. कपासाठी नाही. (थोडी कपासाठी.) पण मुख्य म्हणजे न्यायासाठी. बॅप्टिस्टची फियाट मापाने माझ्याएवढीच, अकराशेच्या आतली. कागदावर बघाल तर लहान गटातच बसते. पण जी गाडी तेवढ्याच डब्यात दीडपट हवा ओढते ती लहान कशी? मुंबईच्या फुटपाथवरून मी एक परदेशी मोटारींचं मासिक आणलं होतं, त्यात वाचलं, की तिकडे टर्बोच्या गाडीचं माप एक पूर्णांक चार दशांशांनी गुणतात आणि जो आकडा येईल त्या गटात तिला टाकतात. मी गुणून पाहिलं, बॅप्टिस्ट पंधराशेच्या वर जात होता. अँबॅसिडरच्याही वर. त्या रात्री मी जेवलो.

मंडळाची सभा शाळेच्या वर्गात भरली, मुलांच्या बाकांवर, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. अध्यक्ष आपला फ्रेडरिक, जो बँकेत आहे आणि कुणाचंही ऐकून 'हेही बरोबर आहे' असं म्हणतो. वातावरण इतकं तापलं होतं की पंखा चालू करायचंही कुणाला सुचलं नाही. एकाचं म्हणणं, टर्बोवाल्यांचा वेगळा गट करा. मी विचारलं, टर्बोवाला एकच आहे, तो एकट्याच्या गटात चालत चालत जाऊन पहिला येईल, त्याला कप द्यायचा का? दुसरा म्हणाला, त्याच्या डिकीत वाळूची पोती टाका. तिसऱ्याने सुचवलं, दोनने गुणा. मी म्हटलं, दोनने गुणणं हा सूड झाला, न्याय नव्हे. तुम्हाला अभिमान वाटावा, मामा, मी शत्रूच्या बाजूनेसुद्धा बोललो.

बॅप्टिस्ट माझ्या पलीकडच्याच बाकावर होता, हाताच्या अंतरावर. पण आमच्यात बोलणं नसल्यामुळे तो फ्रेडरिककडे बघून प्रश्न विचारायचा, फ्रेडरिक माझ्याकडे बघायचा, मी फ्रेडरिकला उत्तर द्यायचो. तो पहिलं विचारता झाला, की डबा तर तेवढाच आहे, मग जास्त का मोजायचं? मी म्हटलं, भांडं केवढं हा प्रश्नच नाही, तेवढ्याच वेळात किती ओढलं हा प्रश्न आहे. फ्रेडरिक म्हणाला, हेही बरोबर आहे. मग बॅप्टिस्टने विचारलं, की मालक पुरा जोर लावतच नसेल, हलका हलका वापरत असेल, शिवाय अशा अरुंद वळणांवर टर्बो जागा व्हायच्या आत वळण संपतं, तर? हा मुद्दा खरा होता. टर्बो झोपाळू असतो, पाय दाबल्यावर क्षणभराने उठतो. मासिकातही तसं आहे. पण मी डगमगलो नाही. म्हटलं, वापरला किती हे बघायला प्रत्येकाच्या पायाशी कोण बसणार? बसवला की नाही एवढंच मोजायचं. बसवला, की जास्त धरायचा. वर्गात दोघांनी बाक वाजवले. मग बॅप्टिस्ट अगदी हळू आवाजात फ्रेडरिकला म्हणाला, सचिवांना विचारा, हा नियम माझ्या एकट्यासाठी आहे, की जिथे जिथे कुणी जोराने ओढतो तिथे तिथे? मामा, मला बसून राहवेना. बाकातून गुडघे सोडवून मी उभा राहिलो आणि म्हणालो, माणूस बघून जो लागतो तो नियमच नव्हे. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते परत म्हटलं.

नियम एकमताने झाला. एकमताने, म्हणजे बॅप्टिस्टचाही हात वर. ज्याला शिक्षा होते तो हात वर करत नाही. घरी येऊन व्हेरोनिकाला सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो कधीपासून इतका शहाणा झाला?" तिचा प्रश्न मला आठवडाभर पुरला. उन्हं चढली होती, वेलींची पानं दुपारी लोंबायची, मी माझ्या पाळीत इंजिन पुऱ्या जोराने चालवत होतो, आणि पलीकडे बॅप्टिस्ट त्याच्या पाळीला रेडा घेऊन यायचा, विहिरीत डोकावायचा, गाडगी किती वर येतात ते बघायचा आणि रेडा सोडून गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालायचा. हातात पान्हा, तोंडात शीळ. ज्याची केळी वाळताहेत तो माणूस शीळ कशी घालतो, हे मला कळेना. मला वाटायला लागलं, की एक पूर्णांक चार कमी पडणार. दोनने गुणायला हवं होतं.

(तुम्ही विचाराल, सचिव या नात्याने गाड्यांची तपासणी तुझ्याकडे, मग तू बॉनेट उघडून पाहिलं का नाहीस? मामा, पाहण्यासाठी 'बॉनेट उघड' असं म्हणावं लागतं. आमच्यात बोलणं नाही. मी कुंपणावरून पाहून तपासणीच्या रकान्यात 'टर्बो आहे' असं लिहिलं.)

स्पर्धेच्या रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर अर्धं गिरीज शत्रुघ्नच्या शेतात. मंडळाने यंदा लाऊडस्पीकर आणला होता आणि कर्णा एका माडाला बांधला होता, त्यामुळे तिकडे नाळे गावापर्यंत ऐकू जात होतं. सुरुवातीला फ्रेडरिकच्या आग्रहाने (आग्रह मी त्याला करायला लावला) मी नवा नियम सावकाश, अर्थासह, सगळ्यांना वाचून दाखवला. भांडं केवढं हा प्रश्न नाही, ते. बसवला की मोजायचा, ते. माणूस बघून लागत नाही, तेही. टाळ्या पडल्या. बॅप्टिस्टने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

लहान गट आधी झाला. एक खुंट पडला, पण मी पहिला आलो. दुसऱ्या फियाटवाल्याचा दरवाजा वळणावर उघडला आणि तो बंद करायला थांबला, म्हणून. पण पहिला तो पहिला. मग मोठा गट. एक जीप गेली, धूळ बसली. एक अँबॅसिडर गेली, तिच्यात मालकाची सासू मागे बसून राहिली होती कारण तिला उतरायला सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग बॅप्टिस्ट. शत्रुघ्नने झेंडा वर धरला. लोकांनी पोरं मागे ओढली. मी घड्याळवाल्याच्या शेजारी उभा होतो. झेंडा पडला.

मामा, गाडी गेली ती मयताच्या मागे जातात तशी. पहिलं वळण, दुसरं वळण, एकही खुंट पाडला नाही, पाडणार कसा, शेजारून कुत्रं चाललं होतं ते पुढे गेलं. जीपपेक्षा हळू, सासूपेक्षा हळू, माझ्यापेक्षा तर फारच हळू. लोक आधी वाट बघत होते की फुंकणी आता जागी होईल, मग जागी होईल. ती झालीच नाही. कुणीतरी हसलं. मला मात्र सगळं लख्ख दिसलं. हा मुद्दाम हळू गेला. उद्या सगळ्यांना सांगणार, बघा, सचिवाने अन्याय केला, लहान गटातल्या गाडीला मोठ्यात टाकलं. माझ्या नियमाची अब्रू घ्यायला त्याने स्वतःची घेतली. मी तिथल्या तिथे फ्रेडरिककडे तक्रार दाखल केली, की स्पर्धकाने जोर चोरला आहे, बॉनेट उघडून तपासणी व्हावी. फ्रेडरिक म्हणाला, हेही बरोबर आहे.

बॉनेट उघडलं. आत टर्बो होता. एका फळीला चार खिळ्यांनी ठोकलेला. त्याच्यात चाक नव्हतं, कुठल्या तरी भंगारातल्या ट्रकचं नुसतं टरफल. चकचकीत नळी इंजिनापर्यंत पोचतच नव्हती, मधेच संपत होती, आणि तिच्या तोंडात नारळाची सोडणं कोंबली होती, बहुधा खडखडू नये म्हणून. आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि असं हसू उठलं की बगळे उडाले. ज्या फुंकणीसाठी मी मासिकं वाचली, सभा बोलावली, गुणाकार केले, ती फुंकणी नव्हतीच. मी लाऊडस्पीकर हातात घेतला. आवाज चढला होता माझा. म्हटलं, या माणसाने मंडळाची फसवणूक केली आहे.

बॅप्टिस्ट चालत माझ्यापाशी आला. फ्रेडरिककडे नाही, माझ्याकडे बघत. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं मारतो. तो म्हणाला, "आलोश, फुंकणी खोटी आहे. नियम खरा ना?"

मी म्हटलं, "नियम खराच आहे."

"मग विहिरीला लाव."

लाऊडस्पीकर चालू होता, मामा. नाळ्यापर्यंत.

माझं एकेक वाक्य मला परत ऐकू आलं, आणि प्रत्येकाला इंजिनाची घरघर लागली होती. मी काहीतरी म्हणालो, की मोटारींची गोष्ट वेगळी, पाण्याची वेगळी. तेव्हा शत्रुघ्न, झेंडा काखेत मारून उभा होता, तो म्हणाला, "सचिवबाबा, हवा वढली काय न पानी वढलं काय, ज्यादा वढलं तं ज्यादाच मोजाला पायजे." त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग एकजण म्हणाला, इंजिन आणि रेडा यांत एक पूर्णांक चारचा फरक कसा, चारपाच पटींचा आहे. दुसरा म्हणाला, दोनने तरी गुणा. आणि मी, मामा, त्या घोळक्यात उभा राहून ओरडलो, की दोनने गुणणं हा सूड आहे, नियमात एक पूर्णांक चार म्हटलंय, एक पूर्णांक चारच धरा. म्हणजे मी मान्य केलं. तोंडातून गेल्यावर मला कळलं. बॅप्टिस्ट म्हणाला, "एक पूर्णांक चार. चालेल मला." त्याच्या तोंडावर जिंकल्याची खूण नव्हती. नुसता थकलेला दिसत होता.

मी शेवटचा दोर धरला. म्हटलं, ही पाळी सिप्रियनमामांनी लावली, त्यांच्या शब्दाशिवाय बदलणार नाही. सगळ्यांना ते पटलं. बॅप्टिस्टलाही. तुम्ही जे लिहाल ते दोन्ही घरं मानतील, असं लाऊडस्पीकरवरच ठरलं. इथे सगळे तुमच्या पत्राची वाट बघताहेत, अगदी दूधवालासुद्धा विचारतो.

मामींना सप्रेम नमस्कार. गुडघ्याला जपा. चिकूच्या झाडाखाली बसताना ओल बघून बसा.

तुमचा भाचा,
आलोशियस

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाही, मी तसा नाही. फक्त एवढंच लिहा, की मूळ पाळी तासांची होती, आणि पाणी कशाने ओढायचं याबद्दल तेव्हा काहीही ठरलं नव्हतं. हे अगदी खरं आहे, कारण तेव्हा इंजिनच नव्हतं. दोन ओळी पुरेत. माझी पाळी कापली गेली तर पानमळा पुढचा ईस्टर बघत नाही. या वेली मी स्वतः लावल्यात, मामा, एकेक वेल हाताने बांधली आहे. नियम मोटारींसाठी ठेवू. उलट टपाली पाठवा.

ता. क. दुसरा. मंगळवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं ते वाफेवर धरून उघडलं. सकाळी व्हेरोनिकाने चहा दिला. मी म्हटलं, साखरेऐवजी मीठ टाकलंस. तिने तिचा कप पुढे केला, तोही तसाच. मग तिने तांब्यात नुसतं विहिरीचं पाणी आणून दिलं. मी प्यालो. मग मी पानमळ्यात गेलो आणि पानांच्या कडा बघितल्या. सगळ्या वेलींच्या नाही, विहिरीकडच्या दोन ओळींच्या. तपकिरी झाल्यात, जळाल्यासारख्या. मी काल बघितल्या होत्या, उन्हाच्या समजून सोडून दिल्या होत्या.

माझी पाळी होती, तरी इंजिन लावलं नाही. विहिरीच्या काठावर बसलो. थोड्या वेळाने बॅप्टिस्ट आला. त्यानेही सकाळचा चहा प्यालेला असणार. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं. मी वाट बघत होतो, म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. तो गेला, रेडा घेऊन आला, आणि माझ्या पाळीला, माझ्या पाटात पाणी सोडून रहाट फिरवायला लागला. म्हणाला, हळू काढत राहू, वरचं गोडं पाणी वर राहील. राहील की नाही, देव जाणे. गाडगी एकेक करून वर येत होती आणि मला रडू आलं, मामा. व्हेरोनिकाने बघितलं, तिने पाठ केली.

तेव्हा वरच्या ता. क. मधलं काही लिहू नका. तो फाडून टाकला असता, पण त्याच्या मागच्या बाजूला मामींना नमस्कार आहे.

ता. क. तिसरा. आणि शेवटचा, कागद संपला. बॅप्टिस्टचा रेडा म्हातारा आहे. एका घराची पाळी कशीबशी ओढतो, दोन घरांची ओढताना दुपारी मधेच बसला आणि उठेना. तुमच्याकडे डहाणूच्या बाजूला शेतीचे रेडे मिळतात. माझ्यासाठी एक बघून ठेवा, शांत, जुंपायची सवय असलेला. इंजिन मी विकायला काढलंय, घेणारा मिळाला की येतो. बॅप्टिस्टही बरोबर येणार आहे, त्याला रेड्यांतलं कळतं. फक्त फार तगडा बघू नका. तो आत्ताच म्हणतोय, की माझा रेडा त्याच्यापेक्षा जास्त ओढायला लागला तर गुणावं लागेल.